हुकूमशाहीत कायदा मोडतात की बदलतात?

रामबागकर
नमस्कार मंडळी.

इंदूरला आम्हा काही मराठी घरांचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर बसतो. पुढचा विषय ठरलाय आणीबाणी. तयारीच्या वेळी गटातल्या एका मुलीने (कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे) विचारलं, "पण सरकारने नेमका कुठला कायदा मोडला?" सगळे एकदम बोलायला लागले आणि कुणालाच कलम सांगता येईना.

माझं मत असं की मोडले थोडे, बदलले फार. २५ जून १९७५ च्या रात्रीची घोषणा अनुच्छेद ३५२ खालची, तो घटनेत होताच. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाण्याचा हक्क स्थगित झाला. ती सोयही घटनेतच, अनुच्छेद ३५९ मध्ये. मग २९ जूनच्या अध्यादेशाने मिसामध्ये (खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा अंतर्गत सुरक्षा कायदा) कलम १६-अ आलं: ज्याला पकडलं त्याला कारण सांगायची गरज नाही. १५ जुलैला आणखी एक अध्यादेश आणि कलम १८: मिसाखाली स्थानबद्ध असलेल्याला नैसर्गिक कायद्याच्या आधारानेही व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क सांगता येणार नाही. आणि हे कलम लागू कधीपासून? मागे जाऊन, २५ जूनपासून. प्रत्येक कागदावर सही आहे, प्रत्येक कागद राजपत्रात आहे.

याच गोष्टीने माझी झोप उडवली आहे. गुंड दार फोडून आत आला तर शेजाऱ्यांना निदान तो गुंड आहे हे कळतं. इथे आलेल्या माणसाजवळ कायदा होता.

तर प्रश्न असा: अशा राजवटीत माणसाचा हक्क जातो तो नेमका कुठल्या बदलाने? मोठ्या घटनादुरुस्तीने, की एखाद्या पोटकलमाने? इतर देशांचे दाखले आणि घरातल्या आठवणी, दोन्ही हवंय.

सरळरेघ
विषय चांगला. पण एक मूलभूत हरकत. संसदेने बहुमताने कायदा केला, राष्ट्रपतींनी सही केली, तर त्याला हुकूमशाही का म्हणायचं? लोकांनीच निवडलेली संसद होती ती. १९७१ मध्ये दोन तृतीयांश बहुमत दिलं होतं लोकांनी. कायदा आवडला नाही म्हणून तो कायदा नाही असं होत नाही. आणि त्या काळात कचेऱ्यांत माणसं वेळेवर यायची, साठेबाज आत गेले, हेही माझ्या वडिलांकडून ऐकलंय. तेही मांडलं पाहिजे.

काळा_डगला
सरळरेघ, तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून नीट उत्तर देते. मी इंदूर खंडपीठात वकिली करते.

बहुमत होतं. पण ते बहुमत मोजलं जात होतं तेव्हा विरोधी बाकांवरचे कितीतरी खासदार तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. ३९ व्या घटनादुरुस्तीच्या तारखा बघा. ७ ऑगस्ट १९७५ ला लोकसभा, ८ ला राज्यसभा, मग राज्यांच्या विधानसभांची घाईघाईची संमती, १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. एवढी घाई का? कारण ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीचं अपील सुनावणीला येणार होतं. दुरुस्ती काय, तर पंतप्रधानांच्या निवडीला कोर्टात आव्हान देता येणार नाही, आधीचा निकाल रद्दबातल समजायचा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हांनी त्यांची १९७१ ची निवड रद्द केली ती दोन मुद्द्यांवर: सरकारी नोकर असलेल्या माणसाची प्रचारात मदत घेतली, आणि सभांची व्यासपीठं सरकारी अधिकाऱ्यांकडून उभी करून घेतली. ऑगस्टमध्ये साधा निवडणूक कायदाच बदलला. दोन्ही मुद्द्यांवरची व्याख्या बदलली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली. म्हणजे १९७१ मध्ये जे गैर होतं ते १९७५ मध्ये ठरवलं की १९७१ मध्येही गैर नव्हतं.

७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनादुरुस्तीचं ते कलम उडवलं. सगळे त्याचं कौतुक करतात, करावंच. पण निवडणूक कायद्यातले ते मागच्या तारखेचे बदल वैध ठरले आणि निवड वाचली ती त्यांच्यामुळे. रामबागकर काका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मोठी घटनादुरुस्ती पडली, पोटकलम टिकलं.

आणि साठेबाज आत गेले हे खरं आहे. पण साठेबाजाला आत टाकायला "कारण सांगणार नाही" हे कलम लागत नाही. त्याच्या गोदामातली पोती हेच कारण असतं.

पोहेजलेबी
डगलाताई, शेवटचं वाक्य एक नंबर! रविवारच्या बैठकीला पोहे माझ्याकडून, पण ताईंना बोलावलं तरच.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्या घरात हा विषय पुस्तकातून आलेला नाही.

माझ्या आजोबांना जुलै ७५ मध्ये नेलं. इथल्या लष्कर भागात आमचं जुनं घर होतं, खाली छोटं दुकान. आजी सांगायची, पोलीस ओळखीचेच होते, चपला घालू दिल्या, चहाही नको म्हणाले. आजीने विचारलं, "काय केलंय ह्यांनी?" तर म्हणाले, "माँजी, वो हमें भी नहीं बताया।" आणि ते खोटं बोलत नव्हते. १६-अ प्रमाणे सांगायचंच नव्हतं. आजोबा सुटले १९७७ मध्ये. का पकडलं होतं ते सुटतानाही सांगितलं नाही. घरच्यांनी मग आपापली कारणं शोधली. कुणी म्हणे शाखेत जायचे म्हणून, कुणी म्हणे दुकानाच्या भाड्यावरून कुणीतरी नाव दिलं. आजी मरेपर्यंत एका शेजाऱ्याशी बोलली नाही. त्या माणसाचा काही संबंध होता का हे आजही कुणाला माहीत नाही.

मला विचाराल तर कारण न सांगण्याचं खरं नुकसान हे आहे. सरकारने लपवलेली जागा शेजारी, भाऊबंद यांच्या संशयाने भरली. घरं फुटली.

आमच्या गावच्या राजमाता विजयाराजे शिंद्यांना तिहारमध्ये ठेवलं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुकानदार, शिक्षक, कारकून अशा माणसांची संख्या बघा. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या हिशोबात मिसाखाली देशभर सुमारे ३५ हजार माणसं होती, आणि भारत संरक्षण नियमांखालचे धरले तर आकडा लाखाच्या वर जातो.

शिप्राकाठ
लष्करवाला, वाचून गप्प झालो. माझे मामा उज्जैनला होते, समाजवादी. त्यांच्या बराकीत संघाचे, समाजवादी, सर्वोदयी सगळे एकत्र. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आत एकमेकांची पत्रं वाचून दाखवायची. मामा म्हणायचे, तिथे पहिल्यांदा कळलं की समोरच्याचा हक्क गेला की आपलाही त्याच दारातून जातो.

रामबागकर
आजीची गोष्ट बैठकीत सांगू का, लष्करवाला? नाव-गाव न घेता.

लष्करवाला
सांगा काका. गावाचं नाव घेतलंत तरी चालेल.

रावपुरा
बडोद्याचा मुद्दा राहिलाच. गुजरातेत मार्च १९७६ पर्यंत बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, त्यामुळे सुरुवातीला आमच्याकडे थोडा श्वास होता. बाहेरून भूमिगत लोक इथे यायचे. पुढे "बडोदा डायनामाइट" खटला झाला, जॉर्ज फर्नांडिस त्यातले मुख्य आरोपी, ते सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते दुसरं.

बडोद्याहून सर्वोदयवाल्यांचं "भूमिपुत्र" निघायचं. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्यावर परिषद झाली, माजी न्यायमूर्ती छागला बोलले, आणि भूमिपुत्रने ते छापलं. सेन्सॉरने कारवाई केली. संपादक चुनीभाई वैद्य गुजरात उच्च न्यायालयात गेले. कोर्टाने मार्च १९७६ मध्ये सांगितलं की सेन्सॉरची मार्गदर्शक तत्त्वं मूळ नियमांच्या बाहेर जातात, सरकारवरची टीका दडपायचा अधिकार त्यांतून मिळत नाही. जिंकले. आणि मग सेन्सॉरने काय केलं? त्या निकालाची बातमी छापायला बंदी घातली. नागरिक कोर्टात जिंकला, पण शेजारच्या गल्लीतल्या नागरिकाला ते कळू द्यायचं नाही.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. १९५६ साली फिरोज गांधींनी एक कायदा करून घेतला होता: संसदेत जे बोललं जातं ते वृत्तपत्राने प्रामाणिकपणे छापलं तर खटला होणार नाही. तो कायदा रद्द केला. प्रेस कौन्सिलही बंद केलं. म्हणजे एखादा खासदार धाडसाने उभा राहिला तरी त्याचा आवाज सभागृहाच्या भिंतींपलीकडे जायला नको. माझ्या मते हक्क जातो तो इथे. बाकीचे हक्क गेले तर निदान ओरडता येतं.

मुळामुठा
पुण्याहून. रावपुराशी थोडा असहमत, पण आधी इतिहास. हे हत्यार इंदिराबाईंनी घडवलेलं नाही. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाल्यावर नातू बंधूंना उचललं ते मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशन २५ खाली. खटला नाही, आरोप नाही. सत्तर वर्षं जुना कायदा कपाटातून काढला. त्याच वर्षी टिळकांवर १२४-अ चा (राजद्रोहाचा) खटला चालला, म्हणजे टिळकांना निदान कोर्ट मिळालं, नातूंना तेही नाही. लाला लजपतरायांना १९०७ मध्ये मंडालेला पाठवलं ते बंगालच्या १८१८ च्या रेग्युलेशन ३ खाली.

आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर आपण अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला चक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जागा दिली! शांततेच्या काळातही. हे फार थोड्या लोकशाही घटनांत आढळेल. मिसा १९७१ चा, म्हणजे आणीबाणीच्या आधीचा. हत्यार घरात होतं, परवाना होता. आणीबाणीत फक्त त्याचा सुरक्षेचा खटका काढून टाकला.

कस्तुरी
मुळामुठांच्या मुद्द्याला जोडून म्यानमारचं सांगते. तिथला दंडविधान मुळात आपलाच, १८६० चा, ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाला तोच लावला. म्हणून १२४-अ तिथेही १२४-अच. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली. दोन आठवड्यांच्या आत काय केलं बघा. नागरिकांच्या खासगीपणाच्या २०१७ च्या कायद्यातली काही कलमं स्थगित केली. कोर्टाच्या परवानगीशिवाय २४ तासांपेक्षा जास्त डांबून ठेवता येणार नाही, हे संरक्षण त्यातच होतं. लगोलग दंडविधानात नवं ५०५-अ घातलं: भीती पसरवणं, खोटी बातमी देणं, सरकारी नोकरांविरुद्ध गुन्ह्याला चिथावणं, यांना तीन वर्षांपर्यंत कैद. संपावर गेलेले डॉक्टर आणि शिक्षक या कलमात अडकले. पत्रकार अडकले. पुढे मार्शल लॉ, लष्करी न्यायाधिकरणं, आणि जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी. त्यात एक माजी खासदार होता. तिथे कित्येक दशकांत फाशी झाली नव्हती.

रणगाडे रस्त्यावर होते, बंदुका हातात होत्या, तरी त्यांना दंडविधानात दुरुस्ती करावीशी वाटली! मला हा प्रश्न सुटत नाही. ज्याच्याकडे बंदूक आहे त्याला कलम कशाला हवं?

शिप्राकाठ
कस्तुरीताई, कारण बंदूक एका वेळी एकाच माणसाकडे रोखता येते. कलम सगळ्यांकडे रोखलेलं असतं. शिवाय हुकूम पाळणारे हजारो लोक असतात: कारकून, तुरुंगाधिकारी, मॅजिस्ट्रेट. त्यातले बहुतेक वाईट नसतात. त्यांना रात्री झोपायला एक कागद लागतो.

जर्मनीचं सांगतो. राइशस्टागची (जर्मन संसदेची) आग २७ फेब्रुवारी १९३३. दुसऱ्याच दिवशी वायमार घटनेच्या ४८ व्या कलमाखाली अध्यक्षांचा हुकूमनामा. व्यक्तिस्वातंत्र्य, घराची, पत्रांची गुप्तता, भाषण, सभा, संघटना, सगळं स्थगित. किती काळ? "पुढील सूचनेपर्यंत". ती पुढील सूचना १९४५ पर्यंत आली नाही. २३ मार्चला सर्वाधिकाराचा (सरकारला संसदेशिवाय कायदे करू देणारा) कायदा झाला, ४४४ विरुद्ध ९४. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्टांचे ८१ प्रतिनिधी सभागृहात येऊच दिले नव्हते. सरळरेघ, ते बहुमतही मोजून दोन तृतीयांशाच्या वर होतं. चार वर्षांसाठी केलेला कायदा, नूतनीकरण करत शेवटपर्यंत नेला.

"तात्पुरता" शब्द दिसला की मी सावध होतो. श्रीलंकेचा दहशतवाद प्रतिबंधक कायदा १९७९ मध्ये तात्पुरता म्हणून आला, १९८२ मध्ये कायमचा केला. त्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. याचा अर्थ कोठडीत काय होतं हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

काळा_डगला
आपल्या टाडातही (जुना दहशतवादविरोधी कायदा) तेच होतं, कलम १५. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोरचा जबाब ग्राह्य. सर्वसाधारण पुरावा कायद्यात पोलिसासमोरची कबुली चालत नाही, ब्रिटिशांनीसुद्धा १८७२ मध्ये ती चालू दिली नव्हती. टाडा १९९५ मध्ये संपला.

दूरदेशी
मी नोकरीमुळे बरीच वर्षं हाँगकाँगमध्ये होतो, आता परत इंदूरला, सुदामानगरात. तिथलं डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

३० जून २०२० ला रात्री अकरा वाजता राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. बीजिंगमध्ये मंजूर केलेला. तोपर्यंत शहरातल्या कुणीही त्याचा मजकूर वाचलेला नव्हता. ऑफिसातले सहकारी रात्री मोबाइलवर वाचत बसले होते की आता नक्की काय करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोकांनी जुन्या पोस्ट पुसायला सुरुवात केली. कॉफीच्या दुकानांच्या भिंतींवरचे आंदोलनाच्या चिठ्ठ्यांचे थर रातोरात निघाले. पोलीस त्यांच्याकडे आलेही नव्हते.

लोक फुटीरता, विध्वंस वगैरे मोठ्या गुन्ह्यांबद्दल बोलतात. मला तिथला सगळ्यात घातक बदल वाटला तो जामिनाचा, अनुच्छेद ४२. आधी तत्त्व असं होतं की जामीन द्यायचा, नाकारायचा असेल तर सरकारने कारण द्यावं. नव्या कायद्याने उलटं केलं: आरोपी पुन्हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवणार नाही अशी न्यायाधीशाची खात्री पटेपर्यंत जामीन नाही. ४७ जणांवर खटला झाला, कारण त्यांनी उमेदवार निवडण्यासाठी प्राथमिक मतदान घेतलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरोप, मे २०२४ मध्ये निकाल, नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्षा. बहुतेक जण तेवढा सगळा काळ आतच. दोघे निर्दोष सुटले. कोर्टं तीच, न्यायाधीशांचे विग तेच, इमारत तीच. जामिनाचा क्रम उलटा केला आणि शिक्षा आधी, निकाल नंतर असं झालं.

पोहेजलेबी
दूरदेशी भिया, तुम्ही सुदामानगरात आणि आजवर गटाला कळवलं नाही? आता रविवारी सुट्टी नाही. आमच्याकडे जामीन मिळत नाही :)

सरळरेघ
सगळ्यांचं वाचतोय आणि बरंच नवीन कळतंय. तरी माझा प्रश्न उभा आहे. मुंबईवर २००८ मध्ये हल्ला झाला. त्या वेळी मी मुंबईत होतो. अशा माणसांसाठी कडक कायदा नको? त्याच वर्षी यूएपीएमध्ये (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) जामीन अवघड करणारं कलम आलं, बरोबर ना डगलाताई? मग हाँगकाँगचं कलम हुकूमशाही आणि आपलं ते सुरक्षा, असं म्हणायचं का? की दोन्ही एकच? मला खरंच उत्तर हवंय, वादासाठी विचारत नाही.

काळा_डगला
बरोबर, कलम ४३-ड (५). आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, आणि ते ठरवायचं पोलिसांचे कागद बघून. तुमच्या प्रश्नाला पळवाट न काढता उत्तर द्यायचं तर: कलमाचा मजकूर वाचून देश ओळखता येत नाही. मजकूर सगळीकडे सारखा होत चालला आहे. फरक पडतो तो कलमाच्या बाजूला काय शिल्लक आहे त्याने. ते वापरणाऱ्याला कोर्ट विचारू शकतं का? पेपर छापू शकतो का? पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता येतं का? ४३-ड (५) असतानाही खटला फार लांबला तर घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. म्हणजे एक खिडकी आहे. मला स्वतःला ते कलम नको आहे, कारण खिडकी उघडेपर्यंत माणसाची चार-पाच वर्षं जातात. पण खिडकी असणं आणि विटांनी बुजवणं यांत फरक आहे.

आपल्या गावातलं रोजचं उदाहरण घ्या, रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा. इंदूरच्या पेपरात "रासुका लगाई" हे वाक्य नवं नाही. तो १९८० चा कायदा आहे, मिसाचाच भाऊबंद, खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत आत. पण त्यात साधारण पाच दिवसांत कारणं द्यावी लागतात, स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे न्यावं लागतं, आणि स्थानबद्ध माणसाचं निवेदन वेळेत पुढे पाठवलं नाही एवढ्या कारणावर आदेश रद्द होतात. कारणं स्थानबद्ध माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलंय. माणसाला हिंदी येत होती आणि कारणं इंग्रजीत दिली म्हणून सोडला. या बारीक गोष्टी वकिली खुसपटं वाटतात. माझ्या अशिलांना याच बारीक गोष्टींनी घरी नेलंय.

म्हणून रामबागकर काकांच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. हक्क जातो तो "का?" विचारायची सोय कायद्यातून काढली त्या दिवशी. १६-अ ने नेमकं ते केलं. पुढे तर कारणं गोपनीय ठरवली, कोर्टालासुद्धा दाखवायची नाहीत.

रावपुरा
मान्य. पण "का?" विचारल्याचं लोकांना कळायला पेपर लागतो. मी माझ्या जागेवरून हलत नाही :)

मुळामुठा
आणि विचारल्यावर उत्तर द्यायला न्यायाधीश लागतो. आपल्याच उच्च न्यायालयाचं बघा, आणीबाणीतल्या बंद्यांना कोर्टात दाद मागता येते का, हा जबलपूर खटला मध्य प्रदेशातूनच वर गेला. नऊ उच्च न्यायालयांनी बंद्यांच्या बाजूने सांगितलं होतं की निदान आदेश कायद्याला धरून आहे का हे आम्ही तपासू. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं ते फिरवलं. सुनावणीत न्या. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे का. डे यांचं उत्तर: आणीबाणी असेतो नाही. हे खन्नांनी आत्मचरित्रात लिहिलंय. हे ऐकूनही चौघांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्यात आमच्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे मला आजही लागतं. खन्ना एकटे विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

लष्करवाला
त्याच बेगसाहेबांनी निकालात लिहिलंय की बंद्यांना चांगलं ठेवलंय, खायला-प्यायला चांगलं आहे, सरकारची काळजी जवळजवळ आईसारखी आहे. माझ्या आजोबांचे दात तिथे गेले. उपचार मिळाले नाहीत. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर निघून गेलो.

शिप्राकाठ
रशियाचं राहिलं, थोडक्यात. २०१२ मध्ये "परकीय एजंट" कायदा आला तो परदेशी पैसा घेऊन राजकीय काम करणाऱ्या संस्थांपुरता. २०१७ मध्ये माध्यमं त्यात घेतली. मग व्यक्ती. २०२२ मध्ये पैशाची अटही काढली, "परकीय प्रभाव" पुरे. स्टालिनच्या काळातल्या बळींची नोंद ठेवणारी "मेमोरियल" संस्था डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाच्या हुकमाने बंद केली. पुढच्या वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी ज्यांच्यावर आली ते ओरडले, बाकीचे म्हणाले, आपण कुठे परदेशी पैसा घेतो?

रामबागकर
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या मुलीलाही धागा पाठवला. तिचा उलट प्रश्न आलाय, तिच्याच शब्दांत: "जनता सरकारने सगळं परत नीट केलं ना? मग आता भीती कसली?"

काळा_डगला
हुशार मुलगी आहे, तिला माझ्याकडे इंटर्नशिपला पाठवा.

बरंच नीट केलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. "अंतर्गत अशांतता" काढून "सशस्त्र उठाव" घातला. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला, कारण १९७५ मध्ये मंत्रिमंडळाला सकाळी कळलं होतं. मिसा नवव्या परिशिष्टात (कोर्टातल्या आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या यादीत) ठेवला होता तो तिथून काढला, कायदाही रद्द झाला. जबलपूरचा निकाल मात्र कागदावर २४ ऑगस्ट २०१७ पर्यंत उभा होता. खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो पुसला, आणि ते लिहिणारे होते यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

पण तिला एक गोष्ट वाचायला सांगा. ४४ व्या दुरुस्तीचं कलम ३. त्यात अनुच्छेद २२ बदलायचा होता: सल्लागार मंडळाशिवाय तीन महिन्यांऐवजी दोनच महिने ठेवता येईल, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल, अध्यक्ष सेवेतला न्यायाधीश. संसदेने मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली. फक्त लागू कधी करायचं ती तारीख केंद्र सरकारने जाहीर करायची होती.

सरळरेघ
आणि?

काळा_डगला
अजून जाहीर केलेली नाही. १९७८ पासून कुठल्याही पक्षाच्या सरकारने नाही. रासुकाला आव्हान दिलं गेलं तेव्हा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात निघाला, ए. के. रॉय खटला, डिसेंबर १९८१. बहुमताने सांगितलं की सरकारला तारीख जाहीर करायला कोर्ट भाग पाडू शकत नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड.

सरळरेघ
हे मला माहीत नव्हतं. सरकारं एवढी आली-गेली, मी ज्यांना मत दिलं तीही होती त्यात. कलम ३ चा मूळ मजकूर मराठीत कुठे मिळेल का? रविवारी यायचं ठरवतोय, इंदूरला मुलीकडे आहे तोवर.

रामबागकर
या ना, नक्की या. मजकूर मी राज्यघटनेच्या मराठी प्रतीतून टंकून ठेवतो. अनुच्छेद २२ खाली तळटीप असते तिथेच आहे. डगलाताई, दूरदेशी, तुमच्यासाठी पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. संध्याकाळी पाच.